'ठार बहिरा' म्हणजे किती बहिरा?

प्रश्न थोडक्यात असा. चौथीतल्या एका मुलीने 'माझे आजोबा' या निबंधात लिहिलं, "माझे आजोबा ठार बहिरे आहेत, पण बिस्किटाचा पुडा फोडला की त्यांना लगेच ऐकू येतं." बाईंनी 'ठार बहिरे'वर लाल काट मारून 'श्रवणदोष असलेले' असं लिहून दिलं. मुलीची अडचण वेगळीच होती. ठार म्हणजे मेलेले, मग आजोबा ठार कसे? तिच्या वडिलांनी ती अडचण माझ्याकडे पाठवली आणि आपलेही दोन प्रश्न जोडले: या वाक्प्रचाराचा नेमका अर्थ काय, आणि आता तो वापरावा की नाही?

मी भाषेचा माणूस नव्हे. कान तपासणं हे माझं २७ वर्षांचं काम. लोक डॉक्टर म्हणतात. मी ऑडिओलॉजिस्ट, पण दुरुस्त करणं आता सोडून दिलंय. 'ठार बहिरा' हे शब्द मात्र माझ्याइतके फार थोड्यांच्या कानावर पडत असतील. पेशंट खुर्चीत टेकायच्या आत बरोबरची सून किंवा मुलगा दारातूनच सांगतो, "हे ठार बहिरे आहेत हं, काय विचारायचं ते आम्हालाच विचारा." आणि पुष्कळदा त्याच क्षणी म्हातारा मान वळवून बोलणाऱ्याकडे बघतो.

आधी 'ठार'. मुलीला वाटलं ते अगदीच चूक नाही. 'अपघातात दोन ठार' या मथळ्यातला ठार आणि आजोबांचा ठार एकच आहे. त्याचं काम पुरेपणा दाखवायचं: पार, पुरता, काही शिल्लक न ठेवता. 'ठार मारणे' म्हणजे अर्धमेला न सोडता मारणे. मरण त्यातल्या 'मारणे'त आहे, 'ठार'मध्ये नुसता शेवट गाठणं आहे. पण मथळ्यांतून 'दोन ठार' एवढंच वाचत आलो की ठार म्हणजेच मेलेला असं मनात बसतं. तेव्हा तिला सांगा, आजोबा मेलेले नाहीत. त्यांचा बहिरेपणा पुरता आहे, एवढंच ते वाक्य म्हणतं.

मराठीत अशा जोड्या ठरलेल्या असतात. काळाकुट्ट, पिवळाधमक, हिरवागार, आंबटढाण, गोडमिट्ट. त्यांची अदलाबदल चालत नाही. कैरी आंबटढाण असते, आंबटमिट्ट नसते. ठारचं गोत तसं लहान आहे. ठार वेडा, ठार आंधळा, ठार बहिरा, ठार अडाणी, ठार निरक्षर. ठार हुशार होत नाही. गंमत म्हणजे ठार लंगडाही होत नाही. लंगडण्यात कमीजास्त असतं हे बघणाऱ्याला दिसतं. बहिरेपणातलं कमीजास्त बाहेरून दिसत नाही. हाक मारली आणि ओ आली नाही, की दार बंद असंच वाटतं. मला वाटतं, ठार अशाच ठिकाणी येऊन बसतो, जिथे बाहेर उभ्या माणसाला आतली पायरी दिसत नाही. माझा सगळा धंदा त्या पायऱ्या मोजण्याचा. म्हणून या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे.

'बहिरा' शब्दाचीही एक गोष्ट आहे आणि ती बाईंच्या लाल शाईशी थेट जुळते. संस्कृत 'बधिर'मधल्या 'ध'चा बोलता बोलता 'ह' झाला, जसा दधिचं दही झालं, गोधूमाचा गहू झाला. असा बहिरा घरात आला. पुढे 'बधिर' पुन्हा पुस्तकातून आला, पण तोवर त्याची जागा भरलेली होती. मग त्याने दुसरं काम धरलं. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, भूल देण्याच्या शास्त्राला आपण बधिरीकरण म्हणतो. नुसतं 'बधिर' म्हटलं की मराठी माणसाला सुन्न झालेला गाल आठवतो. त्यामुळेच शाळांच्या पाट्यांवर 'कर्णबधिर विद्यालय' लिहावं लागतं. हिंदीत नुसत्या 'बधिर'वर भागतं, आपल्याला पुढे कान लावावा लागतो. (जाता जाता: गावोगावचा बहिरोबा मात्र बहिरा नाही. तो भैरव. नवस त्याला नीट ऐकू जातो अशीच सगळ्यांची श्रद्धा आहे.)

आता मुद्द्याचं. 'ठार बहिरा' म्हणजे किती?

आमच्याकडे आवाज डेसिबलमध्ये मोजतात. शून्य डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. धडधाकट तरुण कानाला जेमतेम जाणवेल एवढा बारीक आवाज. समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास. कान जितका मंद, तितका आवाज वाढवत न्यावा लागतो, आणि जिथे माणूस पहिल्यांदा बोट वर करतो ती त्या सुराची पातळी आम्ही आलेखावर टिपतो. जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत, प्रत्येक कानाचे वेगवेगळे ठिपके. हिंदीभाषक पेशंट म्हणतात, 'ऊँचा सुनते हैं'. मला तो प्रयोग फार आवडतो. ऐकण्याची पातळी उंचावली आहे, हेच तर आलेख दाखवतो. आपलं 'कानाने जड' हेही तसंच नेमकं आहे. पण घाईत कोणी ते वापरत नाही, सरळ ठार करून मोकळे होतात.

कायद्याने बघायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात दोन पायऱ्या आहेत. बोलण्याच्या पट्टीतल्या सुरांत दोन्ही कानांनी ७० डेसिबल गमावले असतील तर बधिर, ६० ते ७० मध्ये असेल तर कमी ऐकू येणारा. म्हणजे कायद्याने बधिर ठरलेल्या माणसालाही गणपतीतला ताशा ऐकू येतो, मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, कानाशी तोंड नेऊन बोललात तर बोलणंही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पायऱ्यांत सगळ्यात शेवटची पायरी ९५ डेसिबलच्या पुढे सुरू होते. ठार कुठे शोधायचा असेल तर तिथे. आमचं यंत्र साधारण १२० पर्यंत जातं. तिथेही उत्तर आलं नाही तर आम्ही ठिपक्याला खाली बाण काढतो, म्हणजे यंत्र संपलं, कानाचं पुढचं माहीत नाही. आणि तिथेही काहीजण जाड सुरांना बोट वर करतात. "ऐकू आलं?" म्हणून खुणेने विचारलं तर मान हलवतात आणि कानामागच्या हाडावर हात ठेवतात. आवाज आला नव्हता, थरथर आली होती.

अशी माणसं असतात, पण थोडी. म्हातारपणी 'ठार बहिरे' म्हणून आणलेल्यांत तर मला ती क्वचितच भेटली. त्यातले काही निव्वळ मळाने आलेले असतात. वर्षानुवर्षं कापसाची काडी घालून मळ आत ठासलेला, त्याचा खडा झालेला, आणि मुळात थोडा मंद असलेला कान त्याखाली पार बुजलेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तो काढला की घरी जाताना रिक्षातच "एवढं ओरडू नकोस" सुरू होतं.

बाकी बहुतेकांचं ऐकणं वयाने झिजलेलं असतं, आणि ते सगळीकडून सारखं झिजत नाही. बारीक सूर आधी जातात. इथे भाषेचा संबंध येतो. आपल्या बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे जाड आणि दमदार असतात. स, श, फ, त, क यांसारखी व्यंजनं बारीक सुरांची आणि मुळातच हलकी. त्यामुळे म्हाताऱ्या कानाला 'आप' ऐकू येतं, पण साप, ताप की पाप ते कळत नाही. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. "ऐकू येतं हो, पण समजत नाही," हे वाक्य मी रोज ऐकतो, आणि घरचे त्यावर हसतात, जणू म्हाताऱ्याने बुद्धीची कबुली दिली. ती कबुली नसते, अगदी अचूक निदान असतं.

तो मग काय करतो? उरलेलं अंदाजाने भरतो. बहिऱ्यांचे विनोद इथूनच जन्मतात. आजारी शेजाऱ्याला भेटायला निघालेल्या बहिऱ्याची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. तो वाटेतच ठरवतो: मी विचारीन कसं आहे, तो म्हणेल बरं आहे, मी म्हणेन देवाची कृपा. प्रत्यक्षात आजारी म्हणतो, मरतोय. हा म्हणतो, देवाची कृपा. ही गोष्ट जुनी आणि दूरवर फिरलेली आहे. तेराव्या शतकातल्या फारसी कवी रूमीच्या 'मसनवी' या काव्यातही ती सापडते. ज्याने ती पहिल्यांदा रचली त्याने एखादा कमी ऐकणारा माणूस फार जवळून बघितला असणार. संभाषण आधीच जुळवून ठेवायचं आणि त्या रुळावरून गाडी न्यायची, हे माझे अर्धे पेशंट करतात. लग्नकार्यात तर हमखास.

याच्या पुढची तक्रार म्हणजे 'बहिऱ्याचं सोंग'. "आपल्या कामाचं बरोबर ऐकू येतं यांना!" निबंधातलं बिस्किटाचं वाक्य त्याच जातीचं आहे, फक्त त्यात राग नाही. वाक्प्रचार म्हणून अर्थ सरळ आहे: ऐकू आलेलं असून न ऐकल्याचं दाखवणे. पण खरोखर कमी ऐकणाऱ्या माणसावर तो फेकला जातो तेव्हा दहातल्या नऊ वेळा अन्याय होतो, असं मी अनुभवाने सांगतो. मोजून नाही. दुपारच्या शांततेत, समोर बसून, ओळखीच्या विषयावर मुलगा बोलला तर सगळं कळतं. संध्याकाळी टीव्ही, मिक्सर आणि नळ एकदम चालू असताना सुनेने स्वयंपाकघरातून पाठमोरं काही विचारलं तर काहीच कळत नाही. माणूस तोच, कान तेच. शिवाय सुनेचा आवाज बारीक आणि झिजलेली पट्टीही बारकीच. घरात अर्थ काय निघतो? मुलाचं ऐकतात, माझं ऐकत नाहीत. या एका गैरसमजापायी दुरावलेली घरं मी बघितली आहेत.

आणखी एक गोष्ट घरच्यांना चक्रावून टाकते. हळू बोललं तर ऐकू येत नाही, जरा चढवून बोललं तर म्हातारा खेकसतो, "ओरडतोस कशाला, मी काय बहिरा आहे?" कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. त्यातल्या बाहेरच्या रांगा हलके आवाज उचलून धरायचं काम करतात. त्या झिजल्या की हलका आवाज बुडतो, पण मोठा आवाज मोठाच राहतो. मधली जागा चिंचोळी होते. ६० ला काही नाही, ८० ला एकदम कानठळ्या. म्हणून ओरडू नका. जवळ या, समोर या, थोडं सावकाश बोला. कानाचं मशीन लावून देतानाही आमची निम्मी खटपट याच चिंचोळ्या जागेत आवाज बसवण्याची असते.

खरं सोंगही असतं, ते नाकारत नाही. दाखल्यासाठी, भरपाईसाठी, कधी बदली टाळण्यासाठी. त्यावर आमच्याकडे एक छान युक्ती आहे, स्टेंजर चाचणी. एकच सूर दोन्ही कानांत एकाच वेळी सोडला तर माणसाला तो फक्त जास्त मोठा असलेल्या बाजूला जाणवतो, हा त्यातला नियम. उजवा कान गेलाय म्हणणाऱ्याच्या डाव्या कानात ऐकू येईल एवढा सूर सोडायचा आणि उजव्यात त्याहून मोठा. कान खरंच गेला असेल तर तो डाव्याचं ऐकून बिनधास्त बोट वर करतो. सोंग असेल तर त्याला सूर फक्त उजव्यात जाणवतो, आणि उजवा तर गेलाय ना! तो गप्प बसतो. गप्प बसला की सापडला. त्याहून पक्की बेरा टेस्ट: कपाळाला आणि कानामागे तारा लावून मेंदूपर्यंत आवाज पोचल्याच्या लहरी टिपायच्या. झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही करता येते, त्यामुळे सहकार्य करा म्हणून विनवण्या करायची गरज नाही.

लक्षणेने हा शब्द वापरण्याची परंपरा मोठी आहे, आणि तिथे माझी तक्रार नाही. पंचतंत्रातल्या एका श्लोकात मूर्खाची सेवा करणं कशासारखं याची यादीच आहे: अरण्यात रडणं, कुत्र्याचं शेपूट सरळ करणं, आंधळ्यापुढे आरसा धरणं आणि 'बधिरकर्णजाप', बहिऱ्याच्या कानात जप करणं. त्यातलं अरण्यरुदन मराठीत जसंच्या तसं राहिलं, शेपूट नळीत गेलं, बहिऱ्याचा जप मात्र मागे पडला. त्याच्या जागी आपण गाढवापुढे गीता वाचू लागलो. नाथांनी आंधळा, मुका, बहिरा अशी भारुडं रचली, त्यातला बहिरा म्हणजे कान असून हरिकीर्तन न ऐकलेला माणूस. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकला, तेव्हा उधळलेल्या पत्रकाची सुरुवातच होती की बहिऱ्यांना ऐकू जायला मोठा आवाज लागतो. हे सगळे बहिरे धडधाकट कानांचे आहेत. प्रशासनाला ठार बहिरं म्हणा, माझ्या एकाही पेशंटला त्याचा राग आलेला नाही. एकदोघांनी तर "आम्हाला त्यांच्यात बसवू नका" असंच सांगितलं.

लिहिताना मात्र एक घोळ टाळा. न ऐकण्याचे वाक्प्रचार एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'कानात बोळे घालणे' म्हणजे ऐकायचंच नाही असं ठरवणं. 'कानाडोळा करणे' म्हणजे कळूनही दुर्लक्ष करणं. 'या कानाने ऐकून त्या कानाने सोडणे' यात निदान ऐकलेलं तरी असतं. आणि 'कानावर हात ठेवणे' याचा ऐकण्याशी काही संबंध नाही. आपल्याला ठाऊकच नाही, आपला यात हात नाही, असं सांगणं म्हणजे कानावर हात ठेवणं. 'मागण्यांवर मंत्र्यांनी कानावर हात ठेवले' असं छापलेलं वाचलं की मला दात बधिर केल्यासारखं होतं.

मग आजोबांना ठार बहिरे म्हणावं का? ते स्वतः म्हणत असतील तर खुशाल. म्हातारी माणसं स्वतःबद्दल याहून वाईट बोलतात. दुसऱ्याने दारातून ओरडून म्हणू नये, कारण ते बहुधा खोटं असतं आणि बहुधा ऐकूही जातं. 'मुका-बहिरा' एका दमात म्हणणं मात्र सोडाच. जन्मतः न ऐकणाऱ्या बहुतेक मुलांचा घसा, जीभ, स्वरयंत्र सगळं ठीक असतं. ऐकलं नाही म्हणून बोलणं आलं नाही, इतकंच. वेळेवर कळलं तर मशीनने, पुरत्या गेलेल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राने, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांटने, किंवा खुणांच्या भाषेने त्या मुलाला बोलतं करता येतं. खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिचं स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात हमरीतुमरीवर येऊन भांडताना दोघांना एकदा बघा, मग मुका शब्द तोंडातून निघणार नाही.

'श्रवणदोष असलेले' या बाईंच्या दुरुस्तीबद्दल: शब्द चुकीचा नाही, दाखल्यावर शोभतो. पण चौथीतली मुलगी आजोबांबद्दल असं लिहीत नाही. तिने 'माझ्या आजोबांना कमी ऐकू येतं' लिहिलं असतं तर ते खरंही होतं आणि तिचंही होतं.

आता तो बिस्किटाचा पुडा. तुम्ही तो प्रश्नात सहज लिहिला असेल, मी मात्र तिथेच अडकलो. पुड्याच्या कागदाची चुरचुर हा बारीक सुरांचा, हलका आवाज. वयाने झिजलेल्या कानातून सगळ्यात आधी जातो तो हाच. ज्याला हाक ऐकू येत नाही, त्याला ही चुरचुर येणं आलेखात बसत नाही. माझा संशय असा की आजोबांना पुडा ऐकू येत नाही, दिसतो. किंवा नातीची पावलं कपाटाकडे वळलेली दिसतात. खात्री करायची असेल तर त्यांची पाठ असताना, दुसऱ्या खोलीतून, तिला एक पुडा फोडायला सांगा. चहाची वेळ सोडून, कारण चहाच्या वेळी ते तसेही वळून बघणारच. आधी कानातला मळ तपासून घ्या. आणि एवढं करूनही त्यांनी वळून बघितलं, तर त्यांना घेऊन या. तो आलेख मला बघायचाय.